डाव्या हातातली चप्पल

४ ऑगस्ट, सोमवार

निवृत्तीला आठ आठवडे उरले. आज हेडमास्तर (तेही निवृत्तच) घरी येऊन ही कोरी वही देऊन गेले. वकील संघ माझा गौरवग्रंथ काढणार आहे आणि संपादक हेच. म्हणाले, "रोज चार ओळी लिहीत जा साहेब. सुचेल तसं. शुद्धलेखन माझ्यावर सोडा." ग्रंथाचे तीन भाग ठरलेत: वकील, लोकप्रतिनिधी, न्यायाधीश. तीन भागांत मावेल एवढा मी मोठा झालो, हे मला आजच कळलं.

तर करतो सुरुवात. घरची परिस्थिती बेताची. वडील पोस्टात. सनद मिळाल्यावर सहा वर्षं कोर्टाच्या आवारातल्या बाकावर माश्या मारल्या. मग वखारीच्या आगीचा खटला हाती आला, तो गाजला आणि दिवस पालटले. पुढे दोनदा निवडून आलो, अकरा महिने उपमंत्री होतो, आणि नंतर न्यायासनावर बसलो. त्या खटल्यानंतर मी कधी मागे वळून पाहिलं नाही.

हिला वाचून दाखवलं. ही मटार सोलत होती. म्हणाली, "मागे वळून पाहिलं नाहीत, हे मात्र खरं लिहिलंत." लग्नाला छत्तीस वर्षं झाली. बायकोने सहज मान्य केलेली गोष्ट म्हणून मुद्दाम नोंदवून ठेवतो.

७ ऑगस्ट, गुरुवार

आजपासून गिरणीच्या फिटरचा खटला सुरू झाला. गिरणीचा सुपरवायझर सहा महिन्यांपूर्वी यंत्राशेजारी डोकं फुटून पडलेला सापडला. तेव्हापासून तो अंथरुणाला खिळलाय, वाचाही गेली आहे. सरकार पक्षाचं म्हणणं, फिटरने मागून पाना घातला. आदल्या आठवड्यात दोघांचं कडाक्याचं भांडण झालं होतं. शाबीत झालं तर दहा वर्षं.

सरकारी वकील म्हणजे माझाच जुना ज्युनियर. मी त्याला अजून शिष्य म्हणतो, चारचौघांतही. त्याला ते आवडतं असा माझा समज आहे. बचावाला सरकारी खर्चाने दिलेली एक तरुण वकीलबाई आहे. आवाज इतका बारीक की पंखा बंद करावा लागतो. यंत्राला जाळी नव्हती, आधीही त्यावर अपघात झालाय, असं काहीतरी ती सांगू लागली. मी म्हटलं, "मुद्द्यावर या." ती खाली बसली.

आरोपी मात्र उद्धट वाटला. न्यायालयासमोर डावा हात पँटच्या खिशात घालून उभा! मी शिपायाला खुणावलं. शिपाई त्याच्या कानाशी लागला, तर याने फक्त मान खाली घातली. हात काही बाहेर काढला नाही.

११ ऑगस्ट, सोमवार

आज महत्त्वाच्या साक्षीदाराची जबानी झाली. गिरणीच्या फाटकावरचा कारकून. फिटरला मशीनघरातून बाहेर येताना पाहणारा हा एकटाच.

आमच्याकडे जबानी कशी घेतात ते ग्रंथाच्या वाचकांसाठी लिहून ठेवतो. साक्षीदार आपल्या भाषेत बोलतो. मी ते ऐकून नीट वाक्य करून सांगतो आणि माझ्या आसनाखालच्या टेबलाशी बसलेल्या टायपिस्ट बाई ते टाइप करतात. दुसऱ्या दिवशी प्रत्येक पानावर माझी सही, खाली बाईंची. बाई अकरा वर्षं माझ्याकडे आहेत. चाळिशीच्या, अबोल. अकरा वर्षांत एक चूक नाही. मी बोलायचा थांबतो तेव्हा टाइपरायटर थांबतो, आणि मला वाटतं मीच तो चालवतोय.

कारकून म्हणाला, "दुपारी दोनचा सुमार होता साहेब. हा मशीनघरातून घाईघाईने बाहेर आला. माझ्याकडे बघितलं नाही. एक चप्पल पायात होती, एक हातात. पट्टा तुटला असेल."

मी पाणी मागितलं. मग ते वाक्य सांगितलं, शब्द न शब्द. बाईंनी टाइप केलं.

आज इतकंच.

१२ ऑगस्ट, मंगळवार

कालची पानं सहीला आली. पाचव्या पानावर लिहिलंय: "एक चप्पल पायात व दुसरी डाव्या हातात होती." डाव्या? साक्षीदार 'हातात' एवढंच म्हणाला होता. मीही तेवढंच सांगितलं होतं.

मन आधीच ठिकाणावर नव्हतं. भर कोर्टात मी बाईंवर ओरडलो. म्हटलं, "साक्षीदाराच्या तोंडात शब्द कोंबणं हे न्यायालयाचं काम नाही." फार भारदस्त वाक्य झालं. दोन-तीन वकिलांनी माना डोलावल्या. बाई उभ्या राहिल्या, माझ्याकडे सरळ पाहिलं आणि म्हणाल्या, "चूक झाली साहेब." मी शब्द खोडून त्यावर सही केली. आपल्या टेबलाशी बसताना त्यांनी एकदा आरोपीकडे पाहिलं, मग पुन्हा माझ्याकडे. चूक झालेलं माणूस खाली बघतं. यांचं काहीतरी बिनसलेलं दिसतं.

१३ ऑगस्ट, बुधवार

उलटतपासणी झाली. वकीलबाईने दोन तास घेतले. अंतर किती, ऊन कुठून होतं, दार कुठल्या दिशेला. कारकून जरा डळमळला की पुन्हा चपलेवर येऊन उभा राहायचा. "साहेब, पट्टा तुटलेली चप्पल हातात होती, हे मी उगाच कशाला रचून सांगू?" या प्रश्नाला उत्तर नाही. मला माहीत आहे. ते उत्तर नसणं मीच तयार केलंय.

मधल्या सुट्टीत शिष्य माझ्या खोलीत आला. सत्काराची पत्रिका दाखवायला. तोच मुख्य वक्ता. जाताना हसून म्हणाला, "साक्षीदार कसा वाटला सर? शेवटी तुमच्याच तालमीतले आम्ही." मी पत्रिकेतली तारीख वाचत असल्यासारखं केलं.

१८ ऑगस्ट, सोमवार

हे पान हेडमास्तरांना दाखवायचं नाही. आतापर्यंतची फाडून देईन आणि वही माझ्याकडे ठेवीन.

एकतीस वर्षांपूर्वी लाकडाच्या वखारीला आग लागली. वखारीचा मालक म्हणजे आमच्या पक्षाचा सर्वेसर्वा. आग त्यानेच लावून घेतली अशी कुजबुज होती, आणि ती गप्प करायला एक आरोपी हवा होता. काट्यावर लाकूड तोलणारा माणूस सापडला, कारण तो मालकाशी तोंड वर करून बोलायचा. सरकारी वकिलांच्या मदतीला मालकाने मला दिलं. साक्षीदार म्हणून एक गाडीवान मिळाला. त्याने काहीही पाहिलं नव्हतं. मी त्याला तीन संध्याकाळी माझ्या खोलीत बसवून तयार केलं. गाडीवान पढवल्यासारखा बोलायचा, कारण पढवलेलाच होता.

तिसऱ्या दिवशी मला युक्ती सुचली. खोटं बोलणारा माणूस कामाचं तेवढंच बोलतो. म्हणून त्याला एक बिनकामाची गोष्ट द्यावी. जिचा गुन्ह्याशी संबंध नाही, जी कोणी मुद्दाम रचणार नाही. न्यायाधीश त्या बिनकामाच्या गोष्टीवर विश्वास ठेवतो आणि तिच्या आधाराने बाकी सगळं खरं मानतो. मी गाडीवानाला सांगितलं, "म्हण, एक चप्पल पायात होती आणि दुसरी डाव्या हातात." डाव्या यासाठी, की काटेवाला डावखुरा होता. शिष्य तेव्हा वर्षभराचा नवखा होता. तो कोपऱ्यात बसून वहीत उतरून घेत होता.

गाडीवान ते असं बोलला की न्यायाधीशांनी लेखणी खाली ठेवून मान हलवली. काटेवाल्याला सात वर्षं झाली. चौथ्या वर्षी तो तुरुंगात छातीच्या दुखण्याने गेला. मला त्याच वर्षी तिकीट मिळालं.

मला लाज वाटते आहे. हे आधी कधी वाटलं नाही असं नाही. वाटायचं, पण निवडणुका असायच्या, दौरे असायचे, निकालपत्रं असायची. लाजेला वेळ लागतो, आणि माझ्याकडे कधी वेळ नव्हता. आता आठ आठवडे आहेत. सहाच राहिले म्हणा.

१९ ऑगस्ट, मंगळवार

फिटर निर्दोष आहे हे मला माहीत आहे, पण कायद्याने ते मला माहीत असता कामा नये. समोर पुरावा पक्का आहे. कारण न देता सोडला तर शिष्य वरच्या कोर्टात जाईल आणि आठवड्यात निकाल फिरवून आणील. कारण द्यावं तर कुठलं देऊ? हे वाक्य माझं आहे, मी ओळखलं, असं?

आजारपणाची रजा टाकावी, खटला दुसऱ्याकडे जाईल, असंही मनात आलं. सापही मरेल, काठीही मोडणार नाही. फक्त या हिशेबात साप म्हणजे फिटर, हे रजेचा अर्ज अर्धा लिहून झाल्यावर लक्षात आलं. अर्ज फाडला.

२० ऑगस्ट, बुधवार

दुपारी स्वतः रेकॉर्ड खोलीत गेलो. तिथला कारकून गडबडून उभा राहिला, त्याच्या मांडीवरची भाकरी खाली पडली. मला वखारीच्या खटल्याचं बाड हवं होतं. धूळ झटकून त्याने दिलं. गाडीवानाची जबानी, पान सात: "दुसरी डाव्या हातात होती." माझ्याच वाक्याला वाळवी लागली होती, पण अक्षरं शाबूत होती.

बाडाला नकलांच्या अर्जांचा एक कागद जोडलेला. एकतीस वर्षांत या खटल्याची नक्कल एकदाच कोणीतरी मागितली आहे, चौदा वर्षांपूर्वी. आरोपीशी नाते, या रकान्यात लिहिलंय: मुलगी. खाली सही. सहीच्या खाली एक छोटी रेघ आणि रेघेच्या टोकाला टिंब.

ती सही मी ओळखतो. अकरा वर्षं रोज माझ्या सहीखाली असते.

मी तिथल्या स्टुलावर बसलो. रेकॉर्डच्या कारकुनाला वाटलं मला चक्कर आली, तो पाणी आणायला धावला. तो परत येईपर्यंत मला बारा तारखेचं ते पाचवं पान आठवलं. डाव्या. जो शब्द मी खोडला. ज्यावरून मी भर कोर्टात ओरडलो. आणि मग, फार उशिरा, खिशातला तो डावा हात आठवला.

माझ्या खोलीत जाऊन फिटरचं बाड काढलं. अटकेच्या वेळचा पंचनामा तिसऱ्या पानावरच आहे. मी तो वाचलाच नव्हता. फिटरची ओळखीची खूण: डाव्या हाताची चारही बोटे नाहीत.

बाईंनी दोन्ही बाडं वाचली असणार, पण त्यांना सरळ बोलता येत नव्हतं. त्यांच्या हातात एकच जागा होती, माझ्या सहीच्या वरची. तिथे त्यांनी मला हवं ते सगळं ठेवलं होतं आणि मी ते खोडून त्यांनाच चार शब्द सुनावले. दिव्याखाली अंधार म्हणतात. इथे दिवाच नव्हता.

२१ ऑगस्ट, गुरुवार

फाटकावरच्या कारकुनाला पुन्हा पिंजऱ्यात बोलावलं. न्यायालयाला साक्षीदाराला प्रश्न विचारण्याचा अधिकार असतो, तो मी वापरला. शिष्य उठला, पुन्हा बसला.

मी विचारलं, "चप्पल हातात होती म्हणालात. कुठल्या हातात?"

कारकुनाचा चेहरा उजळला. पाठ केलेल्या धड्यावरच प्रश्न आला की उजळतो तसा. "डाव्या, साहेब. डाव्याच हातात."

"नक्की?"

"नक्की म्हणजे काय! घट्ट धरून, हलवत चालला होता."

"आरोपीने डावा हात बाहेर काढावा."

फिटरने काढला. अंगठा होता, पुढे तळव्याचा तुकडा. बाकी काही नाही. म्हणाला, "मागच्या वर्षी गेली साहेब. त्याच मशीनवर. जाळी बसवा म्हणूनच मी सुपरवायझरशी भांडलो होतो. तो बिचारा जाळी नाही म्हणूनच पडला असणार."

"हात आधी का दाखवला नाहीस?"

"लाज वाटते, साहेब."

वकीलबाई माझ्याकडे बघत होती. तिने पहिल्याच दिवशी हेच सांगायला तोंड उघडलं होतं. टाइपरायटरचा आवाज तेवढा येत होता. मी अजून वाक्य सांगितलंही नव्हतं.

एक गोष्ट लिहायलाच हवी. प्रश्न विचारण्याआधी मी पाण्याचा घोट घेतला आणि ग्लास सावकाश खाली ठेवला. तहान नव्हती. ते नाटक होतं. हात कसा आहे हे मला आदल्या दिवशीच माहीत होतं, आणि तरी मी क्षणभर थांबून सगळ्यांच्या नजरा गोळा केल्या. फासावरून माणूस उतरवतानाही मी आधी गर्दीकडे पाहिलं.

२५ ऑगस्ट, सोमवार

फिटरची निर्दोष सुटका. निकालपत्र चौदा पानांचं. चप्पल कुठून आली, याबद्दल त्यात एक अक्षर नाही. 'साक्षीदार पढवलेला दिसतो' एवढंच लिहिलं. पढवलेला दिसतो! दुसऱ्याच कोणाचा तरी साक्षीदार असावा अशा थाटात.

फिटरची आई पाया पडायला आली. मी मागे सरकलो. तिला वाटलं साहेब विनम्र आहेत.

२६ ऑगस्ट, मंगळवार

पेपरात पहिल्या पानावर माझा फोटो. "न्यायाधीशांच्या एका प्रश्नाने उलगडले सत्य." हेडमास्तर पेपर नाचवत आले. ग्रंथाचा शेवट हाच करायचा, वेगळं प्रकरण, शीर्षकही ठरवून आलेत. "साहेब, एवढी सूक्ष्म नजर! हे येतं कुठून?"

मी म्हटलं, "सवयीने."

एकाच चपलेवर मी खटला जिंकलो, निवडून आलो, खुर्चीवर बसलो, आणि आता चौथ्यांदा तीच मला पहिल्या पानावर घेऊन आली. खाई त्याला खवखवे म्हणतात. मला खवखवतंही नाही, मला हार घालतात.

शिष्य भेटला नाही. निरोप पाठवलाय, भाषणाला येऊ शकत नाही, घसा बसलाय. त्याच्याबद्दल मला राग येत नाही. त्याने माझा धडा जसाच्या तसा गिरवला. हात तेवढा तपासायचा राहिला.

२९ ऑगस्ट, शुक्रवार

दुपारी जेवताना हिला सगळं सांगितलं. निदान सांगायला सुरुवात केली. हिने वाढता वाढता मला थांबवलं.

"मला माहीत आहे."

"काय माहीत आहे?"

"चप्पल. ती तुमचीच होती. त्या आठवड्यात तुम्ही एक चप्पल हातात घेऊन घरी आलात. मी किती हसले होते. दुसऱ्या दिवशी मीच ती चांभाराकडून शिवून आणली. आणि मग गाडीवानाची साक्ष पेपरात वाचली."

मी हे साफ विसरलो होतो. युक्ती मला सुचली अशी माझी खरोखर समजूत होती. ती दाराशी पडली होती, मी उचलून नेली.

"तू तेव्हा बोलली का नाहीस?"

"विचारलं होतं की. 'चप्पल खरी होती का हो?' म्हणून. तुम्ही म्हणालात, जेवायला वाढ." ही खाली बसली. "मग माझे गुडघे दुखायला लागले."

हिचे गुडघे. माझ्या एकाही सभेला, एकाही शपथविधीला, एकाही सत्काराला ही आली नाही. गुडघ्यांमुळे. तिशीपासून. मी दोन डॉक्टर बदलले.

"आता काय करणार आहात?" हिने विचारलं.

मी म्हटलं, "विचार करतोय."

"वाढू का मग?" ही म्हणाली, आणि मला ताटाकडे बघवेना.

१ सप्टेंबर, सोमवार

काम संपल्यावर बाईंना थांबायला सांगितलं. दार उघडंच ठेवलं. शिपाई बाहेर बाकावर होता. मी उभा राहिलो, म्हणून त्याही बसल्या नाहीत. दोघं टेबलाच्या दोन बाजूंना उभे, शोकसभेत असतात तसे.

मी म्हटलं, "त्या दिवशी मी तुम्हाला बोललो, ते चुकलं."

"चूक माझी होती साहेब. शब्द जास्तीचा पडला."

"अकरा वर्षांत तुमच्या किती चुका झाल्या?"

"एक."

"मग ती चूक नव्हती."

त्या टाइपरायटरवर कापड घालायला लागल्या. मी म्हटलं, "मी रेकॉर्ड खोलीत गेलो होतो. नकलेच्या अर्जावरची सही पाहिली." त्यांचा हात तसाच राहिला, अर्धं यंत्र झाकलेलं.

मला वाटलं होतं त्या रडतील किंवा मला काहीतरी बोलतील. मी दोन्हीची तयारी केली होती, उत्तरंसुद्धा ठरवली होती. त्या म्हणाल्या, "बाबा गेले तेव्हा मी तेरा वर्षांची होते. त्या खटल्यात काय होतं हे आई कधी बोलली नाही. ती गेल्यावर नक्कल काढली. तोवर मला वाटायचं, बाबांनी खरंच काहीतरी केलं असेल."

"आणि वाचल्यावर?"

"बाबांकडे चप्पल नव्हतीच, साहेब. काट्यावर ते अनवाणी असायचे. चप्पल तुटून हातात घेणार कुठून?"

मी विचारलं, "माझ्याच कोर्टात का थांबलात? बदली मागता आली असती."

"नेमणूक आली तशी आले. पहिली काही वर्षं वाटायचं, आज ना उद्या साहेब आडनाव विचारतील, माहेरचं. मग विचारतील, तुमचे वडील काय करायचे." त्यांनी कापड सारखं केलं. "तुम्ही कधी विचारलं नाही. मुलांची चौकशी करायचात. ती चांगली करायचात."

पर्स उचलून त्या निघाल्या. दारात थांबून म्हणाल्या, "फिटर सुटला, ते बरं झालं."

३ सप्टेंबर, बुधवार

काल काहीच लिहिलं नाही. लेखणी उचलली की वाक्यं आपोआप छान होतात आणि मला ती नकोशी होतात.

हेडमास्तरांना ग्रंथ थांबवायला सांगितलं. ते म्हणाले, "छपाई सुरू झाली आहे साहेब, आता कसं?" मी वखारीच्या खटल्याची हकीकत चार वाक्यांत सांगितली. ते बराच वेळ चष्मा पुसत राहिले. मग म्हणाले, "हे... परिशिष्टात घालता येईल का?" बिचारे. आयुष्यभर मुलांचे निबंध तपासलेत. शेवट गोड करायची सवय आहे.

८ सप्टेंबर, सोमवार

मेलेल्या माणसाचा खटला पुन्हा उघडता येतो का, हे पाहायला आठवडाभर जाडजूड पुस्तकं चाळली. येतो, पण वरच्या कोर्टाला कोणीतरी नवीन पुरावा द्यायला हवा. वखारीचा मालक गेला. गाडीवान गेला. पुरावा म्हणजे मीच उरलो. माझी निवृत्ती, माझं पेन्शन, माझं नाव, सगळं चौकशीत जाईल, तुरुंगही होऊ शकतो, असं पुस्तकातच लिहिलंय. झाकली मूठ सव्वा लाखाची. ही मूठ मी एकतीस वर्षं झाकून ठेवली आणि आत काय होतं, तर एका अनवाणी माणसाची चप्पल.

भीती वाटते. लाजेपेक्षा आज भीती जास्त आहे, हे प्रामाणिकपणे लिहितो. वखारवाल्यांचा मुलगा आता पक्षाचा अध्यक्ष आहे. त्याचा फोन सकाळी येऊन गेला. हेडमास्तरांनी कुठेतरी सांगितलेलं दिसतं. फार गोड बोलला. म्हणाला, "काका, तब्येतीची काळजी घ्या. या वयात माणसाला काहीही आठवतं."

फोन ठेवला तेव्हा ही दारात उभी होती. म्हणाली, "कोर्टात हे सांगायला जायचंय का तुम्हाला? मीही येते आज."

मी म्हटलं, "आज नाही. बुधवारी."

"मग बुधवारी. त्या दिवशी गुडघे दुखणार नाहीत."

१० सप्टेंबर, बुधवार

जबानी दिली. माझी.

वरच्या कोर्टाकडे पाठवायची म्हणून शेजारच्या कोर्टाच्या तरुण न्यायाधीशांसमोर, रीतसर, पिंजऱ्यात उभं राहून. त्यांनी मला खुर्ची देऊ केली, मी नको म्हटलं. पिंजऱ्याचा कठडा इतका खाली असतो हे मला माहीत नव्हतं. हात कुठे ठेवावेत कळत नाही. इतकी वर्षं लोक इथे उभे राहून हात चोळायचे, तेव्हा मला वाटायचं खोटं बोलतायत.

त्यांचा टायपिस्ट रजेवर होता. वाक्य उतरवायला आमच्या बाई आपलं यंत्र घेऊन आल्या. न्यायाधीशांनी हरकत आहे का विचारलं. मी नाही म्हटलं. बाईंनी कागद घातला. ही मागच्या बाकावर बसली होती, पर्स मांडीवर घट्ट धरून. शिष्य दाराशी दिसला आणि दिसेनासा झाला.

मी सांगत गेलो. बिनकामाचं काहीही घातलं नाही. साक्षीदार कसा तयार केला, कोणाच्या सांगण्यावरून, किती संध्याकाळी. न्यायाधीश वाक्य नीट करून सांगायचे, बाई टाइप करायच्या. चपलेपाशी आलो आणि पाणी मागितलं. न्यायाधीश थांबले. मी घोट घेतला. या वेळी तहान लागली होती.

म्हटलं, "ती चप्पल माझी होती. काटेवाला अनवाणी असायचा."

न्यायाधीशांनी ते जसंच्या तसं सांगितलं. टाइपरायटर मात्र चालेना. बाईंचे हात कळांवर होते आणि त्या कागदाकडे बघत होत्या. अकरा वर्षांत हे यंत्र माझ्या आधी चालताना ऐकलं, माझ्याबरोबर चालताना ऐकलं. मागे राहिलेलं कधी ऐकलं नव्हतं. कोणी घाई केली नाही. मग एक-एक कळ वाजू लागली, नवख्या माणसाने दोन बोटांनी टाइप करावं तशी.

पान सहीला आलं. मी वाचलं. एकही शब्द कमी नव्हता, जास्तीही नव्हता. मी खाली सही केली, साक्षीदाराच्या जागी.

बाहेर ओसरीत ही माझी वाट बघत होती. आम्ही निघणार तोच बाई नकलांच्या खिडकीपाशी रांगेत उभ्या दिसल्या, इतर अर्जदारांसारख्या. त्यांच्या पुढे दोन माणसं होती. खिडकीतला कारकून त्यांना ओळखतो, म्हणाला, "बाई, तुम्ही कशाला रांगेत? आतून देतो की." त्या म्हणाल्या, "नको. रांगेनेच."

नंबर आला. खिडकीतून आवाज आला, "कोणाच्या खटल्याची? नातं काय?"

त्यांनी वडिलांचं पूर्ण नाव मोठ्याने सांगितलं, ओसरीच्या या टोकाला मला ऐकू येईल एवढ्या मोठ्याने. मग म्हणाल्या, "मुलगी."